ओळखदेख नसलेल्या माणसाचे सुतक

पाणंद

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरी 2025च्या पावसाळ्यात एक प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर मला त्या वेळी नीट देता आले नाही आणि नंतरही तो मनातून गेला नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

16 ऑगस्ट 2025 रोजी, ऐन गोपाळकाल्याच्या दिवशी, ज्येष्ठ अभिनेत्री ज्योती चांदेकर यांचे पुण्यात निधन झाले. 'ठरलं तर मग' या मालिकेत त्या पूर्णा आजी होत्या. माझी आई 78 वर्षांची आहे. वडील गेल्यापासून ती गावच्या घरात एकटी राहते आणि आम्ही भावंडे मुंबईला असल्यामुळे सणासुदीपुरतेच तिच्या वाट्याला येतो. तिन्हीसांजेला देवाकडे दिवा लावून, लवकर जेवून, भांडी पालथी घालून ती साडेआठला टीव्हीसमोर बसते, आणि नुसती पाहत बसत नाही, बोलते. पूर्णा आजीने घरातल्या कुणाला चार शब्द सुनावले की आई इकडून दुजोरा द्यायची, आजी फारच रागावली तर "तसा नको करू गे, पोराक त्रास होतलो" असे तिला समजवायची. दिवसभरात आईला घरात बोलायला एवढी एकच बाई होती, हे मला ती बाई गेल्यावर कळले, आणि ते लिहिताना मला माझीच लाज वाटते.

काल्यासाठी मी गावी गेलो होतो. शेजारची मुलगी मोबाइल हातात घेऊन पडवीत आली आणि तिने बातमी सांगितली. आईने पहिला प्रश्न विचारला तो असा : "सिरेलीत गेली, काय खरीच?" खरीच, असे कळल्यावर ती काही बोलली नाही. उठून तिने भिंतीवरचे बटण बंद केले आणि टीव्हीवर तो फुलाफुलांचा अभ्रा चढवला, जो एरवी ती परगावी जाताना तेवढा चढवते. रात्री जेवताना तिने मला विचारले, "आपणाक सुतक येणा नाय, ह्या माका कळता. पण तीन दिवस पाळलंय तर चलात मां?"

मी "चालेल" म्हणालो, कारण दुसरे काही सुचले नाही. तीन दिवस टीव्ही बंद राहिला.

पुढे पंधरा दिवसांनी, 31 ऑगस्टला, गौरी आवाहनाच्या दिवशी प्रिया मराठे गेल्याची बातमी आली. कर्करोगाने, वयाच्या 38व्या वर्षी. 'पवित्र रिश्ता'पासून ती आमच्या वाडीतल्या मुलींच्या ओळखीची होती, आणि 'तुझेच मी गीत गात आहे' ही मालिका तिने तब्येतीमुळे सोडली तेव्हा त्यांतल्या कित्येकींनी आपल्याच मैत्रिणीची काळजी करावी तशी तिची काळजी केली होती. आमच्याकडे तेरड्याची गौर पाणवठ्यावरून आणतात. माहेरवाशिणी तेरड्याची रोपे सुपात घेऊन चढण चढून अंगणात आल्या आणि तेवढ्यात एकीच्या फोनवर ही बातमी आली. सूप धरलेली मुलगी साधारण त्याच वयाची, दोन लेकरांची आई. तिचे डोळे भरले आणि तेरड्याची पाने थरथरताना दिसू लागली. आईने तिच्या पायांवर पाणी घातले, हळदकुंकू लावले, गौर घरात घेतली, जागेवर बसवली, आणि मगच विचारले, "कोण गेला गो?"

माझ्या चुलतभावाचे म्हणणे असे की नटनट्या कामाचे पैसे घेतात, आपण पाहतो, हिशेब तिथेच मिटतो, सुतक कसले पाळता? मला हे पटत नाही. ज्या माणसाच्या आवाजावर घरातला दिवस संपतो, त्याचे जाणे त्या घराला लागणारच. मात्र ते कसे पाळावे, याची रीत आपल्याकडे कुणी घालून दिलेली नाही, आणि रीत नसल्यामुळे आपण तयार छापील शब्द पुढे ढकलून मोकळे होतो. म्हणून विनंती अशी की 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढेच लिहून थांबू नये. आपल्या घरातले पडद्यावरचे कोण गेले, बातमी कशी पोहोचली, त्या दिवशी घरात काय झाले, ते सविस्तर लिहावे.

सुरंगी

पाणंद, तुमच्या आईंनी टीव्हीवर चढवलेला अभ्रा वाचला आणि माझे वडील आठवले.

आम्ही चिपळूणचे. डॉ. काशिनाथ घाणेकरांचा जन्म चिपळूणचा, त्यामुळे ते आमच्या गावात नट म्हणून कमी आणि 'आपला' म्हणून जास्त ओळखले जात. ते दंतवैद्य होते, हेही इथल्या जुन्या मंडळींना अभिमानाने सांगावेसे वाटे. वडील कचेरीत कारकून होते आणि पगाराच्या मानाने नाटकावर फार खर्च करीत. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी आणि 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या त्यांनी किती वेळा पाहिला याचा हिशेब आईकडे होता, आणि तो भांडणात निघे.

2 मार्च 1986 रोजी नाटकाच्या दौऱ्यावर असताना अमरावतीत घाणेकर गेले. दुसऱ्या दिवशी वडील नेहमीसारखे कचेरीत गेले, नेहमीसारखे परत आले. रात्री आम्ही जेवायला बसलो असताना त्यांनी एकदम, पडद्यामागून घोषणा करतात त्या आवाजात, नाटकातल्या कलाकारांची नावे म्हणायला सुरुवात केली. जुन्या प्रेक्षकांना ठाऊक असेल की घाणेकरांचे नाव सर्वांत शेवटी येई, त्याआधी 'आणि' म्हणून निवेदक थांबत असे आणि त्या थांबण्यातच टाळ्या-शिट्ट्या सुरू होत. वडील एकेक नाव घेत तिथवर आले, "आणि" म्हणाले आणि हात धुवायला उठले. मी तेव्हा 11 वर्षांची होते. मोठा माणूस अर्धे ताट टाकून उठतो हे मी प्रथमच पाहिले.

एक गोष्ट मात्र वडिलांकडून शिकले ती इथे मांडते. 'पाठलाग' हा त्यांचा 1964चा चित्रपट टीव्हीवर लागला की आम्ही वडिलांना हाक मारत असू. ते दारात उभे राहून थोडा वेळ पाहत आणि म्हणत, "हा त्यांचा फोटो आहे, ते नव्हेत." नाटकातला माणूस गेला की त्याचे काम पाहिलेले लोकच तेवढे उरतात आणि तेही हळूहळू जातात. पडद्यावरच्या माणसाचे तसे होत नाही, त्याचे काम आपल्या नातवंडांनाही दिसते. तरीही त्याच्यासाठी रडू येते, ते का, हे मला अजून पुरते उमगलेले नाही. 2018 साली त्यांच्या आयुष्यावरचा चित्रपट आला तेव्हा वडील नव्हते. मी एकटी जाऊन तो पाहिला आणि नावातला तो 'आणि' पडद्यावर दिसताच बाहेर पडावेसे वाटले. शेवटपर्यंत बसले, वडिलांचे तिकीट समजून.

खाडीकिनारी

माझे वडील तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे प्रमुख, होते. मिरकरवाड्याच्या बंदरातून त्यांचा ट्रॉलर सुटायचा तो आठ-दहा दिवसांनी परतायचा. 2004च्या हंगामात त्यांच्या बोटीवर एक छोटा रंगीत टीव्ही आणि सीडी प्लेअर होता आणि सीड्या होत्या चारच. त्यांतली एक 'अशी ही बनवाबनवी'ची. ती इतकी वापरलेली होती की एका ठराविक जागी अडकायची आणि खलाशी पुढचे संवाद स्वतःच म्हणून ती जागा पार करायचे.

16 डिसेंबरला लक्ष्मीकांत बेर्डे मूत्रपिंडाच्या विकाराने मुंबईत गेले. वय अवघे 50. बोटीवर ना वर्तमानपत्र, ना त्या पल्ल्यात मोबाइलला रेंज. बातमी आली ती वायरलेसवर, दुसऱ्या एका बोटीच्या तांडेलाकडून, आणि तीही भाव काय, मासळी कुठे लागते, वारा कसा आहे, या सगळ्या बोलण्याच्या शेवटी. वडील सांगत की पलीकडचा माणूस "लक्ष्या गेला रे" म्हणाला आणि मग सेटवर बराच वेळ नुसती खरखर येत राहिली. दोघांपैकी कुणीच बटण दाबले नाही की बोलले नाही.

रात्री जाळे ओढून झाल्यावर एका तरुण खलाशाने तीच सीडी लावली. परशुरामची पार्वती होऊन बेर्डे पडद्यावर आले आणि सगळे हसले. वडिलांना ते बरे वाटले नाही, त्यांनी टीव्ही बंद करायला लावला. थोडा वेळ सगळे अंधारात बसून राहिले. मग वडिलांनीच सांगितले, "लाव." अडकायची ती जागा आली तेव्हा नेहमीप्रमाणे सगळ्यांनी मिळून संवाद म्हटले, वडिलांनीसुद्धा, जे एरवी कधीच म्हणत नसत.

विनोदी नटासाठी शोक कसा करावा हे मला विचाराल तर मी हे सांगेन. तो माणूस ज्यासाठी जगला तेच त्याच्या जाण्याच्या दिवशी अशुभ मानायचे, हे मला क्रूर वाटते. विजय चव्हाण, प्रदीप पटवर्धन, विजय कदम, अतुल परचुरे, यांतला प्रत्येक जण गेला तेव्हा मी घरात त्यांचे काम लावले आणि मुलांबरोबर हसलो. बेर्डेंच्या बाबतीत आणखी एक खंत आहे. 1992च्या 'एक होता विदूषक'मध्ये त्यांनी हसवण्याच्या पलीकडचे जे काम करून दाखवले, त्याची आठवण पुष्कळांना ते गेल्यावर झाली. आमच्या बोटीवर ती सीडी नव्हती.

भरतीची वेळ

मी थोडे वेगळे लिहितो, कुणाला दुखवण्याचा हेतू नाही. हंगामाच्या सुरुवातीला आमच्या बंदरातला एक खलाशी पाण्यात पडून गेला. तिशीचा होता. स्थानिक पानावर दोन ओळी आल्या आणि विषय संपला. त्याच आठवड्यात एका कलाकाराच्या निधनावर आमच्या बाजारातल्या प्रत्येकाच्या फोनवर फुले, मेणबत्त्या आणि फोटो होते. ज्याच्या हातची मासळी आपण खाल्ली त्याच्यासाठी दोन ओळी आणि ज्याला कधी पाहिले नाही त्याच्यासाठी एवढे, हे मला त्या दिवशी सहन झाले नाही आणि आजही होत नाही. मी स्वतः त्या दिवशी कुणालाही श्रद्धांजली लिहिली नाही.

अबोली

भरतीची वेळ, तुमचा राग मला समजतो आणि तो विसरू नये असेही वाटते. फक्त एक विचारते. त्या खलाशाच्या घरी पहिले दहा दिवस जेवण कुणी पोहोचवले? आमच्याकडे चूल न पेटलेल्या घरी भात-आमटीचा टोप घेऊन जाणाऱ्या ज्या बाया असतात, त्याच मी आशालताबाईंसाठी रडताना पाहिल्या आहेत. एकीचे दुःख दुसऱ्यावरून कापून घेतलेले नव्हते.

आशालता वाबगावकर आमच्या गोव्याच्या. 'मत्स्यगंधा'मध्ये त्यांनी गायलेली पदे माझ्या मावशीला आजही मुखोद्गत आहेत, आणि नंतरच्या पिढीने त्यांना हिंदी-मराठी चित्रपटांतली आई म्हणून पाहिले. सप्टेंबर 2020मध्ये साताऱ्याकडे 'आई माझी काळुबाई'च्या चित्रीकरणाला त्या गेल्या होत्या. वय 79. तिथे करोनाची लागण झाली, चित्रीकरणातले आणखी कितीतरी जण आजारी पडले आणि 22 सप्टेंबरला त्या साताऱ्यातच गेल्या. निरोपाला गोव्याहून कुणी जाणे शक्य नव्हते. मावशीने त्या संध्याकाळी पेटी काढली. भाता फुटका होता, सूर धड लागत नव्हते. तिने नाट्यपद म्हटले नाही, नुसता षड्ज धरून बसली. शेजारच्या दोन घरांतल्या बायका आपापल्या बाल्कावांवर येऊन बसल्या, कारण एकमेकींकडे जायला बंदी होती. तीन घरांच्या तीन ओट्यांवर बसून आम्ही त्यांना निरोप दिला.

त्या वर्षी असेच चालले होते. 29 एप्रिलला इरफान खान, लगेच 30 एप्रिलला ऋषी कपूर, आणि दोघांच्याही अंत्ययात्रेला मोजकी घरची माणसे. इरफान यांच्या आईंचे निधन त्याच्या चारच दिवस आधी जयपूरला झाले होते आणि त्यांना तिकडे पोहोचता आले नव्हते, हे कळल्यावर माझ्या मनातला चाहता मागे सरला आणि मुलगी पुढे आली, कारण माझी आई तेव्हा कारवारला अडकलेली होती.

कारवारवरून आठवले. जयश्री गडकर मूळच्या कारवारच्या सदाशिवगडाजवळच्या. 'सांगत्ये ऐका'तल्या जयश्रीबाई माझ्या पिढीने मोठेपणी पाहिल्या, आम्हाला त्या आधी भेटल्या 'रामायणा'तल्या कौसल्या म्हणून, आणि दशरथ होते त्यांचे पती बाळ धुरी. 2008च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. 2020च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखवली तेव्हा माझ्या पुतणीने विचारले, "ही आजी आता कुठे असते?" घरात कुणालाच पटकन बोलता आले नाही. गेलेल्या माणसाची बातमी एखाद्याला बारा वर्षांनी, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असताना कळते, आणि तो शोक त्या मुलीसाठी त्या दिवशीचाच असतो.

भरतीची वेळ

अबोलीताई, जेवण वाडीतल्या बायांनीच पोहोचवले. बारा दिवस. माझी बायकोही त्यांत होती. तुमचा प्रश्न मी तिला वाचून दाखवला.

कातळशिल्प

माझ्या हातून एक चूक झाली होती, तिच्याविषयी आजवर गावाबाहेर बोललो नाही. धाग्याच्या निमित्ताने लिहितो.

मी राजापूरकडचा निवृत्त शिक्षक. आमच्या वाचनालयाच्या दाराशी एक काळा फलक आहे, त्यावर सुविचार, निवड झालेल्यांचे अभिनंदन आणि निधनवार्ता लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. 23 नोव्हेंबर 2022च्या रात्री विक्रम गोखले गेल्याचे संदेश फिरू लागले. मोठमोठ्या लोकांनी श्रद्धांजली वाहिलेली दिसली, म्हणून मीही आमच्या गावच्या गटावर चार परिच्छेद लिहिले आणि पहाटे जाऊन फलक लिहून आलो. मजकूर चांगला झाला होता, याचे मला समाधानही वाटले होते. त्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत या 1913च्या 'मोहिनी भस्मासुर'मधल्या, म्हणजे भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्री-कलाकार, आजी कमलाबाई गोखले त्याच चित्रपटातल्या बालकलाकार, वडील चंद्रकांत गोखले, हे सगळे मी रंगीत खडूंनी मांडले होते. 'बॅरिस्टर'चा उल्लेख होता, कारण त्याचे लेखक जयवंत दळवी आपल्या वेंगुर्ल्याकडच्या आरवलीचे. 'अनुमती'साठी त्यांना मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार होता, जो त्या वर्षी त्यांना आणि इरफान खान यांना विभागून मिळाला होता.

सकाळी कळले की गोखले जिवंत आहेत, प्रकृती चिंताजनक आहे, उपचार चालू आहेत आणि कुटुंबीय लोकांना अफवा थांबवण्याची विनंती करीत आहेत.

मी ओला फडका घेऊन वाचनालयाकडे धावलो. खडूचा पांढरा लगदा फलकाच्या चौकटीतून खाली ओघळत होता आणि 'कै.' ही अक्षरे पुसली तरी पुन्हा पुन्हा दिसत होती, कारण ती मी दोनदा गिरवली होती. शाळेत जाणारी मुले थांबून पाहत होती. त्यांतल्या एकाने विचारले, "गुरुजी, मग आता काय लिहिणार?" मला उत्तर देता आले नाही. नंतर गावातल्या लोकांनी समजूत घातली की मरणाची अफवा उठली की माणसाचे आयुष्य वाढते, आपल्याकडे तसे म्हणतातच. तीन दिवस मी त्या समजुतीवर जवळजवळ विश्वास ठेवला. 26 तारखेला ते खरोखरच गेले.

त्या दिवशी मी फलकावर नाव आणि तारीख एवढेच लिहिले. बाकी काही लिहायचा अधिकार मी घालवला होता, असे मला वाटले आणि आजही वाटते. रुग्णालयाच्या दालनात मुलगी आणि पत्नी आशेवर बसलेल्या असताना बाहेर महाराष्ट्रभर त्यांच्या माणसाला हार चढत होते, आणि त्या हारांत एक फूल माझे होते. सगळ्यात आधी लिहिण्याची घाई मला का झाली, याचा मी पुष्कळ विचार केला. दुःख होतेच, ते खोटे नव्हते. पण त्याच्या शेजारी आपला मजकूर लोक वाचतील ही हौसही बसलेली होती.

2025च्या नोव्हेंबरमध्ये धर्मेंद्र यांच्या बाबतीत पुन्हा तेच घडले. 11 तारखेला बातमी पसरली, घरच्यांनी ती तीव्र शब्दांत नाकारली आणि 24 तारखेला, नव्वदी दोन आठवड्यांवर असताना, ते गेले. या वेळी आमचा फलक 11 तारखेला कोरा होता. 24 तारखेला संध्याकाळपर्यंत थांबून, दोन ठिकाणी खात्री करून मग मी खडू घेतला. वाचनालयात येणाऱ्या एका तरुणाने उशीर झाल्याबद्दल विचारणा केली. त्याला मी ही सगळी हकिकत सांगितली.

अष्टागर

कातळशिल्प सर, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत.

अबोलीताईंनी 22 सप्टेंबर ही तारीख लिहिली आणि मी थबकलो. त्याच तारखेला, 1991 साली, आमच्या अलिबागला राहिलेल्या दुर्गा खोटे यांचे निधन झाले. 1932च्या 'अयोध्येचा राजा'तली तारामती, 'मुगल-ए-आझम'मधली जोधाबाई, दादासाहेब फाळके पुरस्काराच्या मानकरी, आणि अखेरची वर्षे आमच्या या नारळी-पोफळीच्या पट्ट्यात घालवलेल्या. चांगल्या घरातल्या मुलीने चित्रपटात जाणे लोकांच्या जिभेवर आग ठेवण्यासारखे होते त्या काळात त्या उभ्या राहिल्या, आणि मुले पदरी असताना राहिल्या. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. आमच्या आळीतली वयस्कर मंडळी तो दिवस आठवतात, पण माझ्या मुलाच्या वर्गातल्या एकालाही त्या इथे राहत होत्या हे ठाऊक नाही. जवळच्या माणसाचा शोक करायला आपण विसरतो, ही खंत मला भरतीची वेळ यांच्या तक्रारीच्या अगदी शेजारची वाटते.

सुरंगी

शोक करताना न्यायाधीश होऊ नये, एवढे मला यात घालायचे आहे. 2023च्या जुलैमध्ये रवींद्र महाजनी तळेगाव दाभाड्याच्या राहत्या घरी मृतावस्थेत आढळले, आणि मृत्यू दोन-तीन दिवस आधी झाला असावा असे समजले. 'देवता', 'मुंबईचा फौजदार' पाहत वाढलेल्या आम्हा बायकांना तो धक्का सोसवला नाही हे खरे. पण दुसऱ्या दिवसापासून चाहत्यांनी त्यांच्या घरच्यांना जाब विचारायला सुरुवात केली, ते वाचून मला त्या प्रेमाची भीती वाटली. एखाद्याच्या घरात काय चालते हे आपल्याला ठाऊक नसते. श्रीदेवी दुबईत गेल्या तेव्हा 2018 साली काही वाहिन्यांनी स्टुडिओत न्हाणीघराचे देखावे उभे केले होते. माझ्या सासूबाईंनी त्या दिवशी उठून टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, "तिच्या मुली बघत असतील." त्यापुढे आमच्या घरी कुणाच्याही निधनानंतर बातम्यांची वाहिनी लावत नाहीत. त्या माणसाचा एखादा चित्रपट शोधून लावतात.

पाणंद

सर्वांचे लेखन मी आईला फोनवर वाचून दाखवले, दोन संध्याकाळी लागल्या. तांडेलांची हकिकत तिने परत वाचायला लावली. कातळशिल्प सरांसाठी तिने सांगितले आहे की चूक कबूल केली म्हणजे ती फलकावरून पुसली गेली, सरांनी आता मनाला लावून घेऊ नये.

तीन दिवसांनंतर काय झाले ते मी सुरुवातीला लिहिले नव्हते. 21 सप्टेंबरला सर्वपित्री होती. आमचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातले श्राद्ध, त्या दिवशी असतो. वडे, खीर, काळ्या वाटाण्याचे सांबारे असा बेत झाला, मी पिंडांसमोर बसलो होतो आणि भटजी आमच्या म्हाळाच्या वहीतून एकेक नाव घेत होते. आजोबा, पणजोबा, आजी, वडील, काका, आत्या, आईच्या माहेरचे. शेवटी धर्मपिंडाची वेळ आली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आणखी एक नाव घ्यायचे आहे. तिने ते वहीत स्वतः लिहून ठेवले होते, पेन्सिलीने, कारण शाईने लिहायचे धाडस झाले नव्हते. भटजींनी नाव वाचले, चष्मा वर केला आणि गोत्र विचारले. आईला ते कुठून ठाऊक असणार? ते म्हणाले, ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात. मग त्यांनी विचारले, नाते काय सांगू?

आई म्हणाली, "सोबतीण."

भटजी क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले की म्हाळात आप्तांबरोबर मित्रांचीही नावे घेतात, त्यामुळे शास्त्राला हरकत नाही, आणि त्यांनी ते नाव मोठ्याने उच्चारले. मी पाणी सोडले. पेन्सिलीची ती ओळ आता शाईची आहे, तिचे अक्षर, थोडे तिरके.

नंतर काही आठवड्यांनी मालिकेत पूर्णा आजीच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी आल्या. तोवर आई मालिका लावायची, पण आवाज बारीक ठेवून आणि हातात काहीतरी निवडायला घेऊन. त्या रात्री मी मुद्दाम नऊनंतर फोन केला. बराच वेळ कुणी उचलला नाही. उचलला तेव्हा ती घाईत होती.

"मगे कर फोन," ती म्हणाली. "नवी आसा ती. तिका घरातला कोण कसा, ता सांगूक व्हया."